ईव्ह ऑनलाइनमध्ये रोलप्ले: पात्र घडवावे कसे आणि टिकवावे कसे

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातील खेळ ६ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आजही चालू आहे. आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी गेम्स ही कंपनी तो चालवते. चीनसाठीचा वेगळा सर्व्हर सोडला, तर जगभरचे सगळे खेळाडू ‘ट्रॅन्क्विलिटी’ या एकाच सर्व्हरवर, ‘न्यू ईडन’ नावाच्या एकाच तारकासमूहात वावरतात. खेळाला शेवट नाही, ठरलेली गोष्ट नाही आणि जिंकणे म्हणजे काय हेही कोणी सांगत नाही. कोणी लघुग्रहांतून खनिजे काढतो, कोणी जिता या व्यापारी सूर्यमालेच्या बाजारात दिवसभर भावांवर नजर ठेवून बसतो, कोणी उघडउघड चाचेगिरी करतो. यांपैकी थोडे खेळाडू आणखी एक उद्योग करतात: आपला वैमानिक हा आपल्याहून वेगळा माणूस आहे, त्याला त्याची श्रद्धा, त्याचे वैर आणि त्याची लाज आहे, असे धरून ते खेळतात. त्यालाच रोलप्ले म्हणतात, आणि तो नव्याने करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक अडचण सांगितलेली बरी. अनेक ऑनलाइन खेळांत रोलप्लेसाठी वेगळे सर्व्हर असतात आणि तेथे सगळेच नाटकात सामील असतात. ईव्हमध्ये तशी सोय नाही. तुमचा अमार नावाच्या साम्राज्यातील धर्मनिष्ठ सरदार ज्या स्थानकात उतरतो, त्याच स्थानकात शेजारी जहाजाला अचकटविचकट नाव ठेवलेला कोणी किशोरवयीन खेळाडूही उतरलेला असतो, आणि त्याला तुमच्या सरदाराच्या घराण्याशी काडीचेही देणेघेणे नसते. शिवाय हा खेळ सगळ्यांचे दप्तर ठेवतो. कोणत्या कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, तुम्ही कधीपासून कधीपर्यंत होता, हे तुमच्या माहितीपत्रावर कोणालाही दिसते आणि ते पुसता येत नाही. कायदा पाळणारे आहात की मोडणारे, हे सिक्युरिटी स्टेटसच्या आकड्यावरून कळते. कोणाचे जहाज कधी आणि कोठे उडवले, याच्या नोंदी झेडकिलबोर्डसारख्या संकेतस्थळांवर जमा होत राहतात.

म्हणून या खेळात पात्राचे वर्णन फारसे कामाला येत नाही. पात्र ओळखले जाते ते त्याने काय करायचे नाकारले आणि त्या नकारापायी काय गमावले, यावरून. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच कसोटीवर लावल्या आहेत.

पहिली पायरी: विश्वाची ओळख, पण बेताची

न्यू ईडनचा काल्पनिक इतिहास अफाट आहे. तो सगळा वाचून मग खेळू असे म्हणणारा माणूस खेळायला लागतच नाही. आरंभी चार साम्राज्ये आणि एक शब्द एवढे पुरे.

तो शब्द म्हणजे ‘कॅप्सुलिअर’. तुमचा वैमानिक द्रवाने भरलेल्या एका कोशात, म्हणजे कॅप्सूलमध्ये बसून मनानेच जहाज चालवतो. कोश फुटला तर त्या क्षणी त्याच्या मेंदूची प्रत टिपली जाते आणि दूरच्या स्थानकातील नव्या देहात, म्हणजे क्लोनमध्ये, तो जागा होतो. थोडक्यात, तुमचे पात्र मरत नाही. खेळात आपण पुन्हापुन्हा का परत येतो, याचे उत्तर कथेतच असल्यामुळे रोलप्ले करणाऱ्याची मोठी पंचाईत टळते. त्यातून निघणारा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि त्याकडे जहाजाच्या पायरीवर येऊ.

साम्राज्यांविषयी थोडक्यात. अमार हे धर्मसत्ताक साम्राज्य असून इतरांना आपल्या श्रद्धेखाली आणणे, म्हणजे ‘रिक्लेमिंग’, हे ते ईश्वरी कर्तव्य मानते. गुलामगिरी त्याच कर्तव्याचा भाग समजली जाते. मिनमाटार हे त्या गुलामगिरीविरुद्ध बंड करून सुटलेले सात जमातींचे प्रजासत्ताक आहे. गॅलेन्टे फेडरेशन लोकशाहीवादी आहे. कॅल्डारी हे त्यातूनच फुटून निघालेले राज्य असून ते आठ महाकाय कंपन्यांच्या हाती आहे, आणि त्यांची मूळ भूमी कॅल्डारी प्राइम ही गॅलेन्टेंच्या सूर्यमालेत राहिल्यामुळे ती जखम आजही ओली आहे.

तारखांचे गणितही आताच लक्षात ठेवावे. कथेतील कालगणनेला वाय. सी. म्हणतात, चालू इसवी सनातून १८९८ वजा केले की वर्ष मिळते. म्हणजे २००३ हे वाय. सी. १०५ आणि २०२४ हे वाय. सी. १२६. महिना आणि दिवस आपलेच. पात्राच्या तोंडी ‘गेल्या दिवाळीत’ असे येऊ नये, एवढ्यासाठी हे.

दुसरी पायरी: वंश आणि नाव

प्रत्येक साम्राज्यात तीन वंशांमधून निवड करता येते. अमारांमध्ये मूळ अमार, खानिद आणि नी-कुनी. कॅल्डारींमध्ये डेटीस, सिव्हिरे आणि अचुरा. गॅलेन्टेंमध्ये गॅलेन्टे, इंटाकी आणि जिन-मेई. मिनमाटारांमध्ये सेबिएस्टर, ब्रुटर आणि व्हेरोकिओर. नवख्याने शक्यतो कडेचा वंश घ्यावा असे माझे मत आहे. मूळ अमार घेतला की साम्राज्याचा आवाज आयता मिळतो, आणि मग तुमचे पात्र इतर शंभर अमारांसारखेच बोलू लागते. नी-कुनी हे एकेकाळी अमारांनी जिंकलेले आणि पुढे व्यापारात स्थिरावलेले लोक. असा माणूस देवळात जाईल, सम्राज्ञीचे नाव आदराने घेईल, पण गुलामांची नौका शेजारून गेली की गप्प होईल. त्या गप्प होण्यात तुम्हाला वर्षभर पुरेल एवढे काम आहे.

आपल्याकडच्या वाचकाला दोन वंश लगेच ओळखीचे वाटतात. इंटाकी लोकांच्या श्रद्धेत पुनर्जन्माला मोठे स्थान आहे, आणि जिन-मेई समाजात जाती आहेत. ओळखीचे वाटले तरी आपले जसेच्या तसे तेथे नेऊन बसवू नये. इंटाकी पात्राने गीतेची भाषा बोलायला सुरुवात केली की ते पात्र न्यू ईडनमधून उठते आणि आपल्या आळीत येऊन बसते. जिन-मेई घ्यायचा असेल, तर जातीचा अनुभव हा आपल्यासाठी कल्पित विषय नाही, हे भान ठेवूनच घ्यावा. मी तो घेतलेला नाही.

नावाचा विचार शांतपणे करावा, कारण एकदा ठेवलेले नाव बदलत नाही. ते रोमन लिपीतच लिहावे लागते. गॅलेन्टे नावांना फ्रेंच वळण आहे, कॅल्डारी नावांना बरेचसे फिनिश. नकाशा उघडून त्या साम्राज्यातील दहावीस सूर्यमालांची नावे मोठ्याने वाचली की कानाला ते वळण कळते आणि त्याच चालीवर नाव जुळवता येते. कथेतील सम्राट, सेनापती किंवा अधिकारी असल्याचा दावा करणारे नाव नियमांत बसत नाही.

तिसरी पायरी: चरित्र चार ओळींत

माझ्या पहिल्या पात्राचे चरित्र मी दोन रात्री जागून लिहिले होते. तो एका उमराव घराण्याचा हरवलेला वारस होता, लहानपणी चाच्यांनी त्याला पळवले होते, गुप्त प्रयोगशाळेत त्याच्यावर प्रयोग झाले होते, आणि आता तो सूड घ्यायला निघाला होता. प्रत्यक्षात तो पहिले तीन आठवडे दगड फोडत होता. एका जुन्या खेळाडूने चॅटमध्ये अत्यंत आदबीने विचारले, “महाराज, सूड घेण्याइतके व्हेल्डस्पार साठले का?” व्हेल्डस्पार हे खेळातील सर्वांत साधे खनिज. त्या पात्राला मी पुन्हा फारसे उघडले नाही.

यावरून घेतलेला धडा असा की, चरित्रात भूतकाळातील पराक्रम लिहूच नयेत. तुमच्या कौशल्यांचा आणि जहाजाचा आवाका जेवढा आहे, तेवढ्याच आकाराचा माणूस लिहावा. जन्म कोठला, कॅप्सुलिअर होण्याआधी काय करत होता, सध्या पोट कशावर चालते, आणि कोणती एक गोष्ट तो करणार नाही: या चार बाबींना प्रत्येकी एक वाक्य द्यावे. माहितीपत्रावर चरित्राची जागा असते; तेथे हीच चार वाक्ये टाकावीत. बाकीचे पुढे घडेल तसे जोडता येते, आणि तेव्हा त्याला दप्तरातील नोंदींचा आधारही असतो.

चौथी पायरी: नकार

चौथ्या वाक्यावर थांबतो, कारण सगळा रोलप्ले त्यावर उभा आहे. ‘तो अन्याय सहन करत नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याची परीक्षा घेता येत नाही. नकार असा हवा की खेळातील एखादे बटण दाबताना तो आडवा आला पाहिजे.

माझे आताचे पात्र नी-कुनी मालवाहू आहे आणि त्याचा नकार असा: मिनमाटार जहाजावर पहिली गोळी तो झाडणार नाही. ऐकायला सोपे आहे. आता खेळात काय होते ते पाहा. अमार हद्दीत तुम्ही एका एजंटकडून, म्हणजे कामे देणाऱ्या खेळातल्याच पात्राकडून, मोहिमा घेता. एक दिवस तो मिनमाटार ताफ्यावर हल्ला करण्याची मोहीम देतो. तुम्ही ‘नकार’ दाबता. एका एजंटला चार तासांत एकदा नकार दिला तर काही बिघडत नाही. पुढची मोहीमही तशीच निघाली आणि तुम्ही पुन्हा नकार दिला, तर मात्र त्या एजंटशी, त्याच्या कंपनीशी आणि साम्राज्याशी असलेले तुमचे ‘स्टँडिंग’ घसरते. आठवडाभर राबून मिळवलेली पत थोडी खाली येते. पडद्यावर केवळ एक लहान उणे आकडा दिसतो, पण तो आकडा म्हणजे तुमच्या पात्राच्या आयुष्यात घडलेली पहिली खरी घटना असते. वरिष्ठांना त्याचा संशय येऊ लागला आहे. का येऊ लागला, हे आता तुम्हाला लिहिता येते.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. खेळाच्या बाजारात ‘स्लेव्ह्ज’, म्हणजे गुलाम, नावाची वस्तू खरोखरच आहे. इतर कोणत्याही मालासारखी ती साठवता आणि विकता येते. मिनमाटार पात्र चालवणाऱ्याच्या हाती असा माल लागला, तर त्याने काय करावे? विकला तर पैसे मिळतील आणि कोणी बघणारही नाही. माझ्या ओळखीतील एक खेळाडू तो माल कधीच विकत नाही. तो स्थानकात एक डबा, म्हणजे कंटेनर, ठेवतो, त्याला मिनमाटार वस्तीचे नाव देतो आणि ते गुलाम त्यात ‘उतरवतो’. त्या डब्याकडे पाहणारा तो एकटाच आहे. तरीही त्याच्याशी बोलताना कळते की हा माणूस वरवरचे बोलत नाही, कारण त्याने तोटा सोसलेला आहे.

नकार एकच ठेवावा, फार तर दोन. पाच नकार घेतलेला वैमानिक स्थानकाबाहेर पडतच नाही.

पाचवी पायरी: जहाज आणि त्यावरची माणसे

आपल्याच साम्राज्याची जहाजे चालवावीत असा एक संकेत आहे. मिनमाटार वैमानिकाने रिफ्टर, अमाराने पनिशर, कॅल्डारीने मर्लिन, गॅलेन्टेने इन्कर्सस घ्यावे, असे जुने लोक सांगतात. लहान जहाजांपुरता हा संकेत पाळायला सोपा आहे आणि दिसायलाही छान दिसतो. पुढे तो जाचक होतो. मोहिमेला दुसऱ्याचे जहाज अधिक योग्य असेल, तर ते घ्यावे आणि पात्राने त्याबद्दल कुरकुर करावी. कुरकुर हाही रोलप्लेच आहे. जहाजाचे नाव मात्र जरूर बदलावे. नवे जहाज मूळ नावासह मिळते आणि बहुतेक लोक ते तसेच सोडतात, त्यामुळे शेजारून जाणाऱ्याच्या स्कॅनवर तुमचे वेगळे नाव चटकन उठून दिसते.

आता तो अवघड प्रश्न. कॅप्सुलिअर अमर आहे, पण जहाजावर तो एकटा नसतो. कथेनुसार लहान फ्रिगेटवर जेमतेम माणसे असतात किंवा नसतातही. मोठ्या बॅटलशिपवर ती हजारोंनी असतात. जहाज फुटले की तुम्ही नव्या देहात उठता. ती उठत नाहीत. खेळ याचा उल्लेख कोठेही करत नाही, तुम्हाला विमा मिळतो आणि नवे जहाज घेता येते. तुमच्या पात्राने याचे काय करायचे, हे तुम्ही ठरवायचे. काही पात्रे त्याविषयी बोलतच नाहीत, आणि ते न बोलणे भयंकर वाटावे असे लिहिता येते. मी एक साधी युक्ती करतो. माझी एकट्याची छोटी कॉर्पोरेशन आहे. कॉर्पोरेशनच्या तिजोरीत सात विभाग असतात आणि त्यांना हवी ती नावे देता येतात. त्यांपैकी एका विभागाला मी ‘घरी पाठवायचे’ असे नाव दिले आहे. मोठे जहाज गेले की विम्याच्या पैशातील ठरावीक हिस्सा मी तेथे टाकतो आणि त्याला पुन्हा हात लावत नाही. नवे जहाज घ्यायला पैसे कमी पडतात तेव्हा त्या विभागाकडे नजर जाते, हे कबूल करतो.

सहावी पायरी: संगत

एकट्याने रोलप्ले फार काळ चालत नाही. कॉर्पोरेशन निवडताना तिचे जाहीर धोरण पाहण्याऐवजी ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते पाहावे. कायदा नसलेल्या प्रदेशात, म्हणजे नलसेकमध्ये, बहुतेक संघटना ‘आपला नाही तो शत्रू’ या नियमाने चालतात. क्युराटोरेस व्हेरिटाटिस अलायन्स या अमारनिष्ठ रोलप्ले संघटनेने मात्र प्रॉव्हिडन्स नावाच्या प्रदेशात अनेक वर्षे उलट नियम चालवला: शत्रू म्हणून नोंद झालेला नाही, त्याच्यावर गोळी झाडायची नाही. साम्राज्याचा कायदा आपल्या भूमीत सर्वांना लागू आहे, अशी त्यामागची भूमिका होती. या नियमाचा फायदा हेर आणि चोर घेणारच, आणि तरीही तो पाळायचा, यात त्या संघटनेचे सगळे पात्र आले. त्यांच्याविरुद्ध लढणारी उश्राखान ही मिनमाटार मुक्तिवाद्यांची संघटनाही तितकीच जुनी आहे. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी एकमेकांना वर्षानुवर्षे शत्रू पुरवले, आणि रोलप्लेमध्ये चांगला शत्रू मिळणे हे मित्र मिळण्यापेक्षा दुर्मिळ आहे.

ज्याला लढाई नको, त्याने सिग्नल कार्टेलसारखी संघटना पाहावी. ती वर्महोलमधून, म्हणजे अंतराळातील अस्थिर बोगद्यांतून, संशोधन करत फिरते, आपण होऊन कोणावर हल्ला करत नाही आणि वर्महोलमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढते. ज्याला थेट युद्धच हवे, त्याच्यासाठी २००८ पासून फॅक्शनल वॉरफेअर आहे. आपल्या साम्राज्याच्या सैन्यात नाव नोंदवले की शत्रूच्या सुरक्षित हद्दीत त्याचे नौदल तुमच्या मागे लागते. याचा अर्थ तुमची निष्ठा नकाशावर उमटते आणि काही बाजारपेठा तुम्हाला दुरावतात. नवख्याने पहिल्याच महिन्यात हे करू नये.

सातवी पायरी: बोलणे

पूर्वी स्थानकात पात्राला उभे राहण्यापुरती एक खोली होती. २०११ साली आलेले ते ‘कॅप्टन्स क्वार्टर्स’ २०१७ साली काढून टाकले गेले. तेव्हापासून सगळ्या भेटीगाठी केवळ अक्षरांत होतात. म्हणून लिहिण्याची शिस्त महत्त्वाची.

पात्राचे बोलणे आणि खेळाडूचे बोलणे वेगळे दिसले पाहिजे. खेळाडू म्हणून काही सांगायचे असेल, तर ते दुहेरी कंसात लिहिण्याची प्रथा आहे. सर्वांसाठीच्या ‘लोकल’ चॅनेलमध्ये लोक बहुधा पात्र म्हणून बोलत नाहीत; तेथे तुम्ही बोलावे, पण समोरच्यानेही तसेच उत्तर द्यावे अशी अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्याच्या पात्राने काय केले, हे आपण कधीही लिहू नये. ‘मी त्याच्यावर पिस्तूल रोखले’ एवढेच आपले. तो घाबरला की हसला, हे त्याचे तो लिहील.

लांबी हा खरा शत्रू आहे. समजा, एका दरवाजाजवळ, म्हणजे स्टारगेटपाशी, चाच्याने तुमची मालवाहू नौका अडवली. नवखा खेळाडू लिहायला लागतो: “कोशातील उबदार द्रवात तरंगताना माझ्या पूर्वजांचे हुंकार माझ्या कानी पडत आहेत...” वाक्य पुरे होण्याआधी नौका फुटलेली असते. माझ्या पात्राने एकदा अशा वेळी लिहिले होते, “धान्य आहे. हवे तर तपासा. वर अकरा माणसे आहेत, त्यांना जाऊ द्या.” समोरच्याकडे कार्गो स्कॅनर होता. त्याने तपासले, धान्यच होते. मग त्याने लिहिले, “अकरा माणसांचे किती देशील?” आणि आम्ही भाव करू लागलो. तो रोलप्ले करणारा होता की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्याला उत्तर देता येईल असे वाक्य मी लिहिले होते, म्हणून तो दोन मिनिटांपुरता त्यात आला.

मराठी खेळाडूला दोन गोष्टींची जास्तीची तयारी लागते. या वर्तुळातील बोलणे बहुतांशी इंग्रजीत चालते. घाईत चुका होतात, त्यामुळे पात्राला मुळातच मोजके बोलणारा करणे सोयीचे पडते. नी-कुनी मालवाहू कमी बोलला तर कोणाला खटकत नाही. दुसरी अडचण वेळेची. खेळाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते. युरोपातील खेळाडू रात्री जेवून बसतात तेव्हा पुण्यानागपुरात मध्यरात्र उलटलेली असते, आणि सर्व्हर रोज देखभालीसाठी बंद होतो तो आपल्या दुपारी साडेचारला. लंडनमधल्या मराठी खेळाडूला हा त्रास नाही. इकडे राहणाऱ्याने थेट भेटींवर विसंबू नये. ईव्हमेलमधून पात्रांचा पत्रव्यवहार ठेवावा, आणि पात्र म्हणूनच लिहायचे असलेल्या ‘इंटरगॅलॅक्टिक समिट’ या अधिकृत मंचावर निवेदने द्यावीत. सकाळी लिहिलेल्या पत्राला रात्री उत्तर येते आणि अंतराळातील टपालाला तेवढा उशीर शोभतोही.

आठवी पायरी: हार

जहाज जाणारच. त्या क्षणी पात्र सुटते आणि आतला खेळाडू शिवीगाळ करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि एकदा स्वतःही केले आहे. उपाय म्हणून हरल्यावर म्हणायचे एक वाक्य आधीच ठरवून ठेवावे. माझा मालवाहू “हिशेब झाला” एवढेच म्हणतो. मग पाच मिनिटे कळफलकाला हात लावायचा नाही. त्यानंतर हवे तर मारणाऱ्याला पात्र म्हणून पत्र लिहावे. त्यांतील बरीच पत्रे वाया जातात, पण ज्यांना उत्तर येते ती माणसे पुढे कायमची ओळखीची होतात.

नववी पायरी: मोठ्या घटनांत आपली जागा

सीसीपी अधूनमधून विश्वाची कथा पुढे सरकवते आणि काही वेळा खेळाडूंना त्यात हात घालू देते. २०१३ साली कॅल्डारींची शिइगेरू ही टायटन नौका लढाईत कॅल्डारी प्राइमवर कोसळली, तेव्हा खेळाडू त्या लढाईत उतरलेले होते. अमारांची सम्राज्ञी जॅमिल सारूम मारली गेल्यावर २०१६ साली उमराव घराण्यांच्या बाजूने खेळाडूंची स्पर्धा झाली आणि तिच्या निकालाने कॅटिझ टॅश-मर्कॉन सम्राज्ञी झाली. ट्रिग्लाव्हियन या बाहेरून आलेल्या शत्रूंच्या आक्रमणात खेळाडूंनी दोन्ही बाजूंनी लढून सूर्यमाला राखल्या किंवा घालवल्या, आणि २०२० साली त्यांतील २७ सूर्यमाला तोडून पोच्व्हेन हा वेगळा प्रदेश बनला.

अशा वेळी नवख्याला वाटते की आपणही इतिहासाच्या मध्यभागी असावे. त्या हव्यासाने पात्र बिघडते. आपल्या पात्राचा त्या घटनेशी एक लहानसा संबंध शोधावा: पोच्व्हेनमध्ये गेलेल्या एखाद्या सूर्यमालेत त्याचे गोदाम होते, किंवा तेथला एक अडत्या त्याचे पैसे देणे लागत होता. बुडालेल्या उधारीविषयी बोलणारा व्यापारी हा युद्धाविषयी भाषण करणाऱ्या शंभर वीरांपेक्षा अधिक ऐकला जातो.

दहावी पायरी: विश्वास आणि कुंपण

ईव्हमध्ये फसवणूक खेळाच्या नियमांत बसते. २००५ साली गायडिंग हँड सोशल क्लब या भाडोत्री गटाने अनेक महिने एका कॉर्पोरेशनमध्ये आपली माणसे पेरली आणि एका रात्रीत तिची कोठारे रिकामी करून तिच्या प्रमुखाला मारले. ती कहाणी खेळाबाहेरही गाजली. तेव्हा तुमच्या पात्राचा जिवलग मित्र हेर असू शकतो. पात्राने विश्वास ठेवावा की नाही, हे पात्राच्या स्वभावाने ठरवावे. तिजोरीच्या किल्ल्या मात्र खेळाडूने स्वतःच्या डोक्याने द्याव्यात. मी एकदा हे उलट केले आणि चार महिन्यांची कमाई गमावली. पात्र उदार होते, त्याला ते शोभले. मला नाही.

फसवणूक चालते म्हणून सगळे चालते असे नाही. पात्राने पात्राला दिलेली धमकी हा खेळ. खेळाडूच्या खऱ्या नावाला, घराला, कुटुंबाला स्पर्श झाला की तो छळ, आणि त्यावर कंपनी कारवाई करते. गुलामांचा मालक असलेले अमार पात्र चालवणाऱ्याने आणखी जपावे. समोरच्या मिनमाटार पात्रामागे बसलेल्या माणसाच्या घरात हा इतिहास काल्पनिक नसू शकतो. दृश्य सुरू करण्यापूर्वी दुहेरी कंसात एक वाक्य विचारावे: (( हे कोठवर चालेल? )) उत्तर ‘येथपर्यंतच’ असे आले, तर तेथेच थांबावे आणि कारण विचारू नये.

अखेरीस विश्रांतीविषयी. परीक्षा, नोकरी, घर यांमुळे महिनेच्या महिने खेळ सुटतो. जाण्यापूर्वी पात्राला कामाला लावून जावे: तो दूरच्या सफरीवर गेला, आजारी आहे, देवळात मौन धरून बसला आहे, असे काहीतरी दोनतीन ओळखीच्यांना पत्राने कळवावे. परत आल्यावर तेथूनच पुढे सुरू करता येते. माझा मालवाहू मागच्या वेळी सात महिने ‘मोठ्या बहिणीच्या घरी’ होता. परतल्यावर पहिल्या दिवशी टपाल उघडले, तर धान्याच्या नौकेवर भाव करणाऱ्या त्या चाच्याचे पत्र येऊन पडले होते: बहीण कशी आहे, आणि वर सध्या किती माणसे आहेत.